हलवा दुसऱ्या पानावर

“बांगडो खंय गेलो गो?”

तांडेलकाकांनी कागद हातभर लांब धरला होता, कारण चष्मा घरी राहिला होता. मी म्हटलं, काका, चष्म्याशिवाय नाही दिसायचं. ते म्हणाले, सगळं दिसतंय, बांगडाच तेवढा नाही. आणि खरंच नव्हता. आलेखाच्या खाली जिथे माशांची नावं यायला हवीत तिथे ठिपके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, शिस्तीत मांडलेले ठिपके. “ही रांगोळी कित्याक घातलंस?” काकांनी विचारलं, आणि मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर जाळी शिवत बसलेले चौघेजण माना वर न करता हसले.

घरी येऊन मी ते ठिपके मोजले. बांगड्याचे १८. तारलीचे १५. कोळंबीचे पुन्हा १८. मग डोक्यात प्रकाश पडला. संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन तुकड्यांत साठवतो. बांगडा म्हणजे ब, काना, अनुस्वार, ग, ड, काना अशी सहा चिन्हं. सहा त्रिक अठरा. आलेख पीडीएफमध्ये उतरवणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेला ही लिपी येतच नाही, म्हणून तिने न ओळखलेल्या प्रत्येक तुकड्यामागे एक ठिपका टाकला होता. बांगडा कागदावर होता, पण ठिपक्यांच्या वेशात. आलेख कैरो नावाच्या दुसऱ्या यंत्रणेकडून काढून घेतला आणि नावं परत आली. एका शब्दाची दुरुस्ती. तोवर अहवालाच्या ४० प्रती वाटून झाल्या होत्या.

माझं काम सांगते. एका मच्छीमार सोसायटीसाठी मी वर्षाचा मासळीचा अहवाल बनवते. कॉलेजची चार मुलं पाळीपाळीने सर्जेकोटला आणि दांडीला पहाटे उभी राहतात; होडी लागली की काय उतरलं, किती किलो, लिलावात काय भाव फुटला, ते वहीत लिहितात. वर्षाच्या वह्या मे महिन्यात माझ्या माडीवर येतात. खारं पाणी लागून फुगलेल्या, काहींना अजून वास असलेल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, माणसं किनाऱ्यावर जाळी घेऊन बसलेली असतात, त्यांना बोलायला वेळ असतो आणि वाचायलाही. अहवाल त्या दोन महिन्यांत हातात पडला तर पडला. नारळी पौर्णिमा झाली की कागदाकडे कोण बघतो?

यातलं गणित फार नाही. बेरजा, सरासऱ्या, गेल्या वर्षाशी तुलना, आठवड्याभरात होतं. उरलेला महिना जातो तो ते कागदावर कसं दिसावं यात. पुण्यात नोकरीला होते तेव्हा हे काम मी खालच्या दर्जाचं समजायचे. आकडे बरोबर आले की आपलं काम संपलं, मग सॉफ्टवेअर जो कागद ओकेल तो ओकेल. तिथे वाचणारेही तसलेच कागद ओकणारे होते, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं.

मी वापरते ते सॉफ्टवेअर म्हणजे आर. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकात बनवलेलं. दोघांच्याही पहिल्या नावाचं आद्याक्षर आर, म्हणून आर. यात अहवाल लिहिताना मजकूर आणि हिशेब एकाच फायलीत राहतात. ‘यंदा बांगडा इतके किलो उतरला’ या वाक्यातला आकडा मी हाताने लिहीत नाही, त्या जागी हिशेबाची सूचना लिहिते. वहीतली चूक सुधारली की वाक्यातला आकडा आपोआप सुधारतो. सगळं झालं की एक बटण दाबायचं. त्या बटणावर लोकरीच्या गुंड्याचं चित्र असतं आणि शब्द असतो ‘निट’. विणा.

या विणकामाला घराणं आहे. यीहुई शिए यांचं निटर आलं २०१२ साली. त्याआधी फ्रिडरिश लाइश यांचं २००२ सालचं स्वीव्ह होतं, त्याच्याही नावात विणणं आहेच. आणि सगळ्यांच्या मागे डोनाल्ड नूथ. प्रोग्रॅम माणसाने वाचावा असा लिहिला पाहिजे, असं म्हणणाऱ्या या गृहस्थांनी १९८४ च्या आसपास एक पद्धत मांडली आणि तिचं नाव ठेवलं वेब, जाळं. तिच्यात दोन अवजारं होती. एक माणसासाठी नीट पान विणणारं, त्याचं नाव वीव्ह. दुसरं त्याच फायलीतून यंत्रासाठी प्रोग्रॅम काढून देणारं, त्याचं नाव टँगल, म्हणजे गुंता. हे मी एकदा काकांना रंगात येऊन सांगितलं. त्यांच्या पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवलेलं होतं. “विणूक सगळ्यांकाच येता,” ते म्हणाले. “गुंतो सोडवूक येता तुका?”

खरं उत्तर द्यायचं तर तेव्हा येत नव्हतं.

याच नूथना १९७७ साली आपल्याच पुस्तकाची प्रुफं हातात आल्यावर त्यातली गणिताची छपाई बघवेना. एका सुट्टीत उरकेल असं वाटून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची व्यवस्था लिहायला घेतली, टेक नावाची, आणि ते काम दहाएक वर्षं पुरलं. मला हा माणूस आवडतो तो एवढ्याचसाठी. प्रुफं कुरूप आली म्हणून दहा वर्षं घालवणाऱ्याला आमच्याकडे खुळा म्हणतील; पण आज आरमधून पीडीएफ काढताना पडद्यामागे बहुतेक वेळा त्याच टेकवर उभारलेलं लाटेक राबत असतं. आपण साधा मजकूर लिहितो, पॅनडॉक नावाचा दुभाषा त्याचं लाटेकमध्ये रूपांतर करतो, लाटेक पान रचतं.

फक्त ते मराठी पान रचत नाही, निदान सांगितल्याशिवाय नाही. माझा पहिला अहवाल ‘नमस्कार’ या शब्दाने सुरू होत होता आणि गाडी पहिल्याच अक्षरावर अडली. पडद्यावर संदेश आला की न हे अक्षर, क्रमांक यू+०९२८, वापरायची सोय केलेली नाही. नमस्काराचा न सुद्धा नाही! जॉनथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेल्या झीटेककडे काम सोपवलं की हा अडथळा जातो, कारण ते जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं आणि संगणकावरचे नेहमीचे फॉन्ट ओळखतं. पण मग पुढचा अडथळा. फॉन्ट मिळाला तरी लिपी देवनागरी आहे असं वेगळं बजावावं लागतं. नाही बजावलं, तर अक्षरं येतात पण एकमेकांना ओळखत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त लटकतात. दुरून मराठीच वाटते, जवळ गेलं की वाचवत नाही.

यावर मी एक चाचणी काढली आहे, आणि तिचा मला थोडा अभिमानच आहे. कुठलाही नवा फॉन्ट आला की मी दोनच शब्द छापून बघते: तिसऱ्या आणि शिवल्या. वस्तू एकच, आमच्याकडे तिसऱ्या, वर मुंबईकडे शिवल्या. वाळूत सापडणारे खायचे शिंपले. पण या दोन शब्दांत सगळी परीक्षा होते. तिसऱ्यातली पहिली वेलांटी जागेवर बसते का. ऱ्या मधला र, तो डोळ्याच्या पापणीसारखा आडवा र, नीट येतो की ‘तिसर्या’ होऊन रफार डोक्यावर चढतो. किनाऱ्यावरच्या अहवालात हा र पावलोपावली लागतो: वाऱ्याचा, किनाऱ्याचा, खाऱ्या पाण्याचा. शिवल्यातला श देठाचा आहे का, आणि नुसता ल वेगळा छापला तर पाकळीचा येतो का. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल ठरवून दिला आहे, पण बरेच फॉन्ट गुपचूप हिंदीचे श आणि ल देतात. काही फॉन्टांत मराठी रूपं आत दडलेली असतात. भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की बाहेर येतात. वाचणाऱ्याला हे कळतं का? काकांना नाही कळत. पण त्यांच्या नातीने, चौथीतल्या, कागद बघून विचारलं होतं, “हो ल असो कित्याक?” तेवढं मला पुरे झालं.

आता त्या तक्त्याबद्दल, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला बसले.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. जातवार मासळीचा तक्ता होता, ४२ जाती. नावाप्रमाणे लावला, अ आ इ ई. का, तर नीटनेटका दिसतो म्हणून. दुसरा काही विचार नव्हता. पीडीएफ निघाली, अहवाल गेला. सोसायटीतल्या एका मुलाने त्या तक्त्याचं पान मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकलं, चांगल्या हेतूनेच. दुपारपर्यंत माझा फोन वाजायला लागला. इसवण धरलीच नाही! हलवा कुठे आहे? मुलं पहाटे झोपा काढतात काय? एकाने तर बेरीज मारून दाखवली: एवढीच मासळी उतरली असं वर गेलं, तर उद्या डिझेलच्या परताव्याला कोण विचारील?

झालं होतं ते असं. ४२ पैकी ३८ ओळी त्या पानावर बसल्या होत्या. पान जिथे संपलं तिथेच तक्ता संपल्यासारखा दिसत होता, ‘पुढे चालू’ वगैरे काही नाही. पुढच्या पानाच्या डोक्यावर पाच ओळी एकट्याच पडल्या होत्या, त्यांच्यावर रकान्यांचे मथळेही नाहीत. शेवंड. सुरमई. सौंदाळे. हलवा. एकूण. वर्णमालेत श, स, ह शेवटी येतात. आणि बाजारात जी मासळी आधी उचलली जाते तिच्यातली तीन नावं नेमकी तिथेच बसलेली. वर्णमालेने माझा घात केला असं मी म्हणत असे, पण खोटं आहे ते. वर्णमाला हजारो वर्षं तिथेच आहे.

संध्याकाळी सोसायटीच्या पडवीत सगळ्यांसमोर दुसरं पान दाखवलं. थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, “सुरमई कोण म्हणता हयसर? इसवण लिवलं असतंस तर वरच दिसली असती.” खरंच की. मुलांच्या वह्यांत इसवणच लिहिलेलं होतं; मीच पुस्तकी शुद्धपणा म्हणून सुरमई केलं आणि तिला तिसऱ्या ओळीवरून चाळिसाव्या ओळीपर्यंत ढकललं.

त्या रात्री वीज नव्हती, बॅटरी होती तेवढ्यात मी ती फायल उघडून बसले. तेव्हा एक गोष्ट दिसली जी आजही मला टोचते. लाटेकला कागद कुठला ते सांगितलं नाही, तर ते अमेरिकेतला लेटर कागद धरतं, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७. उंचीत १८ मिलिमीटरचा फरक. मजकुराची एक ओळ साधारण ४.२ मिलिमीटर घेते. अठराला चार पूर्णांक दोनने भागून बघा. चार ओळी. शेवंड, सुरमई, सौंदाळे, हलवा, चौघंही त्याच पानावर बसली असती, मी एक शब्द लिहिला असता तर. ‘एकूण’ तरीही पुढच्या पानावर गेलंच असतं म्हणा.

आता कागद ए४ असं पहिल्याच ओळीत असतं. पानं ओलांडणाऱ्या तक्त्यात मथळे प्रत्येक पानावर पुन्हा छापून घेते. शेवटच्या ओळींच्या शेवटी एक छोटी ताऱ्याची खूण टाकली की तिथे पान तोडायची लाटेकला बंदी होते, म्हणजे ‘एकूण’ एकटं पडत नाही, दोन-तीन माशांना सोबत घेऊनच जातं. आणि क्रम नावाचा नाही, किमतीचा. तळाचं काही कापलं गेलंच तर ते स्वस्त असावं.

आलेखांचा वेगळाच ताप. लाटेकमध्ये चित्रं आणि तक्ते तरंगतात, हा त्यांचाच शब्द, मी किनाऱ्यावर राहते म्हणून आणलेला नाही. जागा पुरेना की आलेख पुढच्या पानावर वाहत जातो आणि ‘खालील आलेख पाहा’ याच्या खाली भलताच आलेख येतो. तो जागच्या जागी खिळवायची सोय आहे, ती मी सरळ सगळीकडे लावून टाकली. पानाखाली पांढरी जागा राहते, राहू दे. जाणकार नाक मुरडतात.

रंगांचं शहाणपण मला झेरॉक्सच्या दुकानात मिळालं. अहवाल रंगीत निघतो एकदाच, पुढचं सगळं काळंपांढरं. मी ट्रॉलर लाल आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, हिरवी दाखवली होती. झेरॉक्समध्ये दोघांचा एकच करडा झाला, आणि मालवणात ट्रॉलर आणि रापण एका रंगाची दाखवणं ही काय चीज आहे ते इथल्या माणसालाच कळेल. दुकानातल्या वहिनींची तक्रार निराळी होती. आरमधल्या जीजीप्लॉट या आलेखाच्या साधनात पार्श्वभूमी आपोआप करडी येते. पडद्यावर ती सुरेख वाटते, मशिनीत ती टोनर पिते. “तुमच्या ४० प्रतींत माझी लग्नपत्रिकांची शाई गेली,” वहिनी म्हणाल्या. करडा काढला. रंग विरिडिस घराण्यातले घेतले. ते काळ्यापांढऱ्यातही गडद ते फिकट अशी उतरंड धरून राहतात. आणि रंगाची किल्ली कोपऱ्यात ठेवण्याऐवजी पट्टीच्या टोकालाच नाव लिहिलं. पट्ट्याही आडव्या केल्या, म्हणजे माशांची नावं तिरकी टांगावी लागत नाहीत.

वहिनींनीच एकदा विचारलं, “हा कोणाच्या गाडीचा नंबर?” आलेखाच्या बाजूला इंग्रजीत छापलं होतं १ई+०५. म्हणजे एक लाख. मोठे आकडे आर आपणहून असे आखडून लिहितं. एक ओळ लिहून ती सवय मोडावी लागते. आणि पूर्ण लिहायला लावलं की स्वल्पविराम तीन तीन आकड्यांवर. १,२३४,५६७ हा आकडा आमच्या पडवीत कोणी वाचत नाही; १२,३४,५६७ म्हटलं की लगेच बारा लाख चौतीस हजार. आरच्या तयार सूचनेत प्रत्येक गटात सारखेच आकडे धरता येतात, आधी तीन मग दोन दोन असं नाही. शेवटी दहा ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या सगळ्या कामात सर्वांत जास्त वापरला गेलेला तोच असेल.

राहिला मोबाइल. पीडीएफ १९९३ साली ॲडोबीने आणली ती मुळी यासाठीच की पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं. २००८ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. जसंच्या तसं, हीच अडचण. २१० मिलिमीटर रुंद पान ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आलं की १० पॉइंटचं अक्षर साधारण सव्वातीन पॉइंटचं होतं. माणसं दोन बोटांनी ताणून वाचतात, आणि बोटं जाळ्यावरून आलेली असली की तेही जमत नाही. म्हणून मी मोबाइलसाठी वेगळी पीडीएफ काढायला लागले, ए६ मापाची, १०५ बाय १४८, एका पानावर एकच गोष्ट, अक्षर मोठं. त्याच फायलीतून, तेच आकडे, फक्त कागदाचं माप बदलून.

गेल्या जूनमध्ये दांडीवर गेले तर काकांनी अहवालाचं पान शर्टाच्या खिशातून काढलं. दोनदा घडी घालून ठेवलेलं. मधली घडी बरोबर इसवणीच्या भावावरून गेली होती आणि घामाने तो आकडा पुसला होता. ए४ कागदाची एकदा घडी घातली की ए५, दुसऱ्यांदा घातली की ए६. प्रमाण तेच राहतं, म्हणून तर ते माप तसं ठरवलेलं. म्हणजे खिशातली घडी आणि माझं मोबाइलचं पान एकाच मापाचं निघालं. घरी येऊन मी मुख्य पान पुन्हा रचलं: एका ए४ वर चार चौकोन, घडी जाईल तिथे दोन्ही बाजूंनी कोरी पट्टी. डावीकडे वर इसवण आणि हलवा, शेजारी बांगडा आणि तारली, खाली कोळंबी, शेवटच्या चौकोनात एकूण.

यंदा तो कागद काकांना दिला. त्यांनी चष्मा लावला (या खेपेला होता), चारी चौकोन वाचले, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. घडी कोऱ्या पट्टीतून गेली. मी वाट बघत होते काही बोलतात का. त्यांनी कागद उलटा केला, कानामागची पेन्सिल काढली आणि मागे डिझेलचा हिशेब मांडायला घेतला.

“मागची बाजू कोरी ठेयलंस ता बरा केलंस,” ते म्हणाले. “फुडल्या वर्साक पण तशीच ठेय.”